हौदाच्या जागी

"वयनी, येवा येवा! माती बगा कशी आसा, नुसता लोणी!"

बाबल मेस्त्री खड्ड्यातून ओरडला. छातीपर्यंत आत उभा, अंगभर तांबडा, आणि तोंडावर गुप्तधन सापडल्याचा आनंद. मी गडहिंग्लजच्या दवाखान्यातून एसटीनं येऊन नुकती घरामागच्या परड्यात पाऊल टाकत होते. हातात आबांच्या मळक्या कपड्यांची पिशवी होती. ती खाली ठेवली आणि तिच्या शेजारी मीही मटकन बसले.

"काय झाला वयनी? घेरी इली?"

"मेस्त्री," मी म्हटलं, "हे तुम्ही कुठं खणलंय?"

"खंय म्हणजे? तुमीच सांगलास मां, हौदाच्या जाग्यार खणा म्हणान."

सांगितलं होतं. अगदी ह्याच शब्दांत सांगितलं होतं. आमच्या परड्यात गोठ्याला लागून एक जुना दगडी हौद होता, गुरांना पाणी पाजायचा. गुरं कमी होत होत एक म्हैस उरली आणि तीही बादलीत तोंड घालू लागली, तेव्हापासून हौद कोरडाच पडलेला. तो काढून त्या जागी नव्या संडासाची सेप्टिक टाकी करायची असं ठरलं होतं. पण त्याच परड्याच्या दुसऱ्या टोकाला आमचा हौदाही होता. कोल्हापूरकडं कुस्तीच्या तांबड्या मातीला, जिच्यात पैलवान उतरतात तिला, हौदा म्हणतात. बाबल पडला घाटाखालचा, सावंतवाडीकडचा. चिरा बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण आमच्या हौदात आणि हौद्यात काय फरक ते त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? मी 'हौदाच्या' म्हटलं, त्यानं हौदा धरला. वर शंका नको म्हणून शेजारच्या गोपाळतात्यांकडून खात्रीही करून घेतली.

"मी तेंका इचारलंय, हौदा खंय आसा. तेंनी बोटान दाखवल्यानी."

गोपाळतात्या कुंपणाला टेकून तमाशा बघत उभेच होते. "मला इचारलं, मी दावलं," ते म्हणाले. "मला काय ठावं त्यो कशाला इचारतोय? मला वाटलं, पाया पडायचं आसंल."

मला हसावं की रडावं कळेना. कारण तो हौदा माझ्या सासऱ्यांचा होता, आणि त्यांना पुण्याला जाऊ न देण्यासाठी मी ज्याचा आधार घेतला होता तो हौदाच.

माझे सासरे म्हणजे तातोबा पैलवान. पंचक्रोशीत नाव होतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा महिपती फौजेत, पाहुण्यासारखा सुट्टीवर यायचा आणि लाडू संपायच्या आत परत जायचा. घरात राहिलो आबा, मी आणि म्हैस. त्यातली म्हैस आबांचं जास्त ऐकायची. आबा तोंडानं तुसडे होते. भाजी आवडली तर "बरी हाय", नाही आवडली तरी "बरी हाय". पण माहेराहून यायला मला उशीर झाला की एसटीच्या तिट्ट्यावर येऊन बसायचे, आणि मी एसटीतून उतरले की "मी तंबाखू आणाय आल्तो" म्हणून पुढं चालू लागायचे. मला त्या माणसाची फार माया होती. ते घरात नसले की घर खायला उठायचं.

परड्यातला हौदा त्यांनी तरुणपणी केलेला. त्या मातीला तेल, ताक, हळद, लिंबू काय काय पाजलं होतं. एके काळी गावची पोरं तिथं लढत. मग स्टँडजवळ लोखंडी यंत्रांची व्यायामशाळा निघाली आणि पोरं तिकडं आरशापुढं उभी राहायला लागली. मी लग्न होऊन आले त्याच सुमाराला हौदा ओस पडला. तरी आबा रोज पहाटे उठून कंदील टांगायचे, खोऱ्यानं माती उकरायचे आणि मांडीवर असा शड्डू ठोकायचे की म्हैस दचकून उभी राहायची. समोर लढायला कुणी नाही. गाव चेष्टा करायचं, "तातोबा भुतासंगं खेळतोय." मला वाटायचं, प्रेम असतं एखाद्याचं मातीवर.

संडासाचं मात्र त्यांच्यापुढं नाव काढायची सोय नव्हती. लग्न नवं असताना मी महिपतीकरवी विषय काढून बघितला होता. आबा पारावर चारचौघांत बसले होते. तिथूनच कडाडले, "माझ्या घरात संडास झाला, तर त्या घरात पाण्याचा थेंब घेणार न्हाई!" विषय संपला. गावात एकेक घरी संडास होत गेले, आणि मी आपली अंधारात तांब्या घेऊन वड्याकडं जात राहिले.

मग एका पहाटे आबा त्याच हौद्यात पाय घसरून पडले आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता खाली उकिडवं बसायचं नाही, कायमचं. खुर्चीसारखा संडास लागेल, आणि तोही घरातच.

माझी नणंद, बेबीवन्सं, पुण्याहून धावत आल्या होत्या. त्यांनी लगेच निकाल दिला. "मी नेते त्यांना. आमच्याकडं लिफ्ट आहे, कमोड आहे, खाली बागेत म्हातारे बसतात."

"मी बांधते की संडास," मी म्हटलं.

"तू? आबांच्या घरात?"

"बांधते. आणि वन्सं, पुण्यात सगळं असंल हो, पण हौदा हाय काय? पहाटे उठून ते करणार काय तिथं? लिफ्टमधनं वर-खाली?"

 वन्सं बापाला ओळखून होत्या. म्हणाल्या, "ठीक आहे. शनिवारी घरी सोडणार आहेत. तोवर सगळं तयार असेल तर ते इथं राहतील. नसेल, तर गावात डोकावून जीप तशीच पुण्याला."

आबांना विचारलं तर त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. "मला इचारू नगा," एवढंच म्हणाले. नाही म्हणाले नाहीत, हेच मला खूप झालं.

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून बाबलनं बघता बघता खोली उभी केली, आतून दार पाडलं. कमोड गडहिंग्लजहून आला आणि पुढच्या सोप्यात ठेवला, तर आळीतल्या बायका नव्या सुनेला बघायला यावं तशा त्याला बघायला आल्या. गोपाळतात्यांनी त्यावर बसून विडीसुद्धा ओढली. "राजासारखं वाटतंय," म्हणाले, "पर हितं बसून व्हईल कसं?" सगळं सुरळीत चाललं होतं. राहिली होती फक्त टाकी. तेवढ्यात वन्संना बदली म्हणून मी दवाखान्यात राहायला गेले आणि परत आले ते लोण्यासारख्या मातीपाशी.

"बुजवा," मी उठून बाबलला म्हटलं. "आत्ताच्या आत्ता बुजवा आणि गोठ्याजवळ खणायला घ्या."

बाबल खड्ड्यातून वर आला, गोठ्याकडं गेला, जुन्या हौदाच्या कडेला पहार मारली. खणकन आवाज झाला. दुसरीकडं मारली. तसाच आवाज.

"हय काळो कातळ आसा, वयनी. दोन गडी लावलंय तरी शनवारपर्यंत जमाचा नाय. तुमका घायच नसली तर करतंय मी, माझा काय?"

घाईच तर होती. मी परड्यात या टोकाकडून त्या टोकाला येरझाऱ्या घालू लागले. हौदा बुजवून परत नीट करावा, तर टाकी होणार नाही आणि आबा जाणार. टाकी करावी, तर हौदा जाणार, आणि मग वन्संना मी कोणत्या तोंडानं सांगणार की आबांना इथंच राहू द्या?

गोपाळतात्या कुंपणापलीकडून म्हणाले, "शालन, मारुती कोपंल गं. त्या मातीत तातोबाचा घाम हाय. तिथं संडासाचं पाणी सोडणार तू?"

"तात्या, माती वर काढलीया. तिथं नुसता खड्डा हाय."

हे मी त्यांना म्हटलं, आणि म्हणता म्हणता मलाच धीर आला. आबांवाचून हौदा मला काय करायचा होता? त्याच्या कडेला बसून रडायला? हौद्यावाचून आबा मात्र चालले असते. चिडलेले, रुसलेले, आठवडाभर न जेवलेले, पण माझ्या सोप्यात बसलेले.

"मेस्त्री," मी म्हटलं, "बांधा टाकी. हितंच."

"नक्की?"

"बांधा म्हटलं न्हवं? आणि मातीतला एक खडासुद्धा इकडं तिकडं जाता कामा नये."

ती माती आम्ही पाट्यांनी वाहून गोठ्याच्या वळचणीला रचली आणि वर गोणपाट घातलं. गोपाळतात्या मारुतीचं नाव घेत घेत चार पाट्या ओढायला आलेच. बाबलनं चिऱ्याच्या भिंती चढवल्या, मध्ये आडवी भिंत घातली, म्हणजे घाण एका कप्प्यात खाली बसते आणि वरचं पाणी तेवढं पलीकडं जातं. आतून सिमेंटचा गिलावा केला. पलीकडच्या कप्प्यातलं पाणी जिरायला बाजूला शोषखड्डा, आणि तो भरायला जुन्या हौदाचेच दगड फोडून वापरले. स्लॅब ओतून वाळत बसायला वेळ नव्हता, म्हणून वर तयार फरश्या टाकल्या आणि कोपऱ्यात हवेचा उंच पाइप उभा केला.

शेवटी बाबलनं पाण्यात कालवलेलं शेण बादलीभर मागितलं आणि टाकीत ओतलं.

"ह्ये कशाला?" गोपाळतात्यांनी विचारलं. "त्यात काय कमी पडणार हाय व्हय?"

"विरजण, तात्या," बाबल म्हणाला. "ह्या घातल्याशिवाय आतला कुजाक लागणा नाय."

शुक्रवारी काम उरकलं. कमोड बसला, पाणी सोडलं, भुर्रकन गेलं. बाबल त्या आवाजावर इतका खूश झाला की त्यानं तीनदा सोडून बघितलं. शनिवारी पहाटे मी पहिल्यांदा वड्याकडं गेले नाही. घरातल्या घरात, दिव्याच्या उजेडात, कडी लावून. त्याचं सुख काय सांगू? पण त्या सुखात बसल्या बसल्याही आठवत होतं, आज जीप येणार होती.

दुपारी ती आली. पुढं आबा, मागं वन्सं. आबांनी कुणाचा हात धरू दिला नाही. वॉकर टेकत टेकत उतरले आणि घराच्या दाराकडं वळायच्या ऐवजी सरळ परड्याकडं निघाले. आम्ही सगळे त्यांच्या मागून. वाटेत कुंपण ओलांडून गोपाळतात्याही आले. बाबल टोपी हातात घेऊन भिंतीशी चिकटून उभा राहिला.

हौद्याच्या जागी करड्या फरश्या होत्या. फटींतलं सिमेंट अजून ओलं दिसत होतं.

"शालन!" वन्संचा आवाजच चढला. "हौदा कुठाय?"

"चूक झाली, वन्सं. मी हौदाच्या जागी म्हटलं, मेस्त्रींनी हौद्याच्या ऐकलं. पण मागनं कळल्यावर बांधा म्हणाले ती मीच. दुसरीकडं खणाय घेतलं असतं तर आजपतुर झालं नसतं."

"अगं, त्या हौद्यासाठी म्हणून मी त्यांना इथं ठेवायला तयार झाले! तूच म्हणालीस ना? मग आता काय राहिलं त्यांचं इथं?" त्यांचे डोळे भरून आले होते. "चला आबा. जीप उभी आहे. तुम्ही माझ्याकडं चला."

 आबांनी वॉकरचा पाय उचलून फरशीवर ठोकला.

"किती खोल?"

"पुरुषभर आसा, आजोबानू," बाबल पुटपुटला.

"चालू हाय?"

"हाय, आबा," मी म्हटलं.

"कोण वापरलं?"

आता सासऱ्याला काय सांगायचं? मी पदराशी चाळा करत म्हटलं, "मी."

"मंजे आज पहाटं वड्याकडं गेली न्हाईस?"

"न्हाई."

"मंग झालं तर," आबा म्हणाले. "मंग हौदा कशाला पायजे?"

आम्ही एकमेकांकडं बघू लागलो. गोपाळतात्या माझ्या कानात म्हणाले, "भूल उतरल्याली न्हाई वाटतं अजून."

"भूल उतरलीया माझी, गोपाळ," आबा म्हणाले. कान तिखट होता त्यांचा. मग ते वन्संकडं वळले, कारण माझ्याकडं बघून त्यांना बोलता आलं नसतं. "बेबे, ह्यांचं नवं लगीन झाल्यालं. महिपती रजा संपवून गेल्याला. एक दिस ही पहाटंची वड्याकडनं पळत आली. तांब्या तिकडंच टाकून. मी सोप्यात जागा हुतो. वड्यावरच्या मोरीवर टोळकं बसायचं त्या टायमाला, बायामाणसं दिसली की शिट्ट्या मारत. ही कुणाला बोलली न्हाई. दुसऱ्या दिशी मला सांगती, तांब्या कुत्र्यानं पळिवला."

 ती गोष्ट मी महिपतीलासुद्धा कधी सांगितली नव्हती.

"सुनंला सासऱ्यानं काय इचारावं? आन् सोबतीला तरी कसं जावं?" आबा म्हणाले. "मंग म्हटलं, हौदा हाय की आपल्याकडं. कंदील टांगायचा, शड्डू ठोकायचा. वड्यापतुर आवाज जातोय त्यो. पैलवान जागा हाय म्हटल्यावर मोरीवर कोण बसतंय?"

खरंच कुणी बसलं नव्हतं. त्यानंतर एकदाही नाही. मी मनात म्हणत होते, पोरांना अक्कल आली असेल. गाव ज्याला भुताबरोबरची कुस्ती म्हणत होतं, ती राखण होती माझी. आणि मी रोज त्या उजेडात बेफिकीर चालत जाऊन, परत येऊन, त्यांना चहा देताना म्हणायचे, आबा, कशाला एवढ्या थंडीत उठता?

मला रडू फुटलं. हमसून हमसून रडले. आणि रडता रडताच मला असा संताप आला, की आयुष्यात पहिल्यांदा मी आबांवर ओरडले.

"मग त्याच वर्षी संडास बांधायचा की, आबा! इतकी वर्षं थंडीवाऱ्यात उठून माती उकरलीसा, त्यापरास एकदा एक खड्डा खणला असता तर काय बिघडलं असतं?"

बाबलला हसू फुटलं आणि त्यानं ते टोपीत दाबलं. गोपाळतात्या श्वास रोखून उभे राहिले, कारण तातोबा पैलवानाशी ह्या स्वरात कुणी बोललेलं त्यांनी बघितलं नव्हतं.

आबा रागावले नाहीत. खाली मान घालून उभे राहिले.

"सुचलं की," ते म्हणाले. "त्याच वर्साला सुचलं. पर 'थेंब घेणार न्हाई' म्हणून बसलो हुतो न्हवं पारावर, गावाम्होरं. शबुद मागं घ्यायचा मंजे पाठ टेकायची. आन् ती कशी टेकायची, ते मला कुणी शिकिवलंच न्हाई."

"आणि आता?"

"आता खुब्यानं टेकीवली." त्यांनी वॉकरवरचे हात बदलले, एक पाय पुढं घेतला, परत मागं घेतला, आणि एकदम घाईनं म्हणाले, "ऱ्हायल्यालं रडणं मागनं रड, पोरी. आदी त्या खोलीचं दार उघड. तिट्ट्यापासनं दम धरलाय मी."

मग काय धावपळ उडाली! मी पुढं पळाले, वन्संनी पाठीमागून आधार दिला, गोपाळतात्या "सावकाश, सावकाश" म्हणत स्वतःच उंबऱ्याला अडखळले. आबा आत गेले. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

वन्सं आणि मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभ्या राहिलो. दोघींचे डोळे लाल. 

"माझ्या वेळी आई यायची सोबतीला," वन्सं हळूच म्हणाल्या.

मग त्या डोळे पुसत बाहेर गेल्या. जीपमधून आबांची वळकटी काढून स्वतः कडेवर घेतली, सोप्यात आणून ठेवली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "तुम्ही निघा. पुण्याला कुणी येत नाही."